खालच्या चौकीची तार

डोमाजी नाकाड्याला देवाने एक पाय अधू दिला आणि त्याची भरपाई म्हणून तोरा दुप्पट दिला, असं त्याची बायको रंभा चारचौघांत सांगत असे. पाय काही देवाने अधू केला नव्हता. ऐन विशीत मोहफुलं वेचताना अस्वलाने डाव्या पोटरीचा लचका तोडला, आणि नांगरामागे चालायचं त्याचं कायमचं सुटलं. तोरा मात्र खरा होता. वैशाखाच्या उन्हातही अंगात पितळी बटणांचा सरकारी कोट, डोक्यावर टोपी आणि बोलण्यात उठता-बसता 'आमचं खातं'. कोसमीच्या तलावात डुंबायला येणाऱ्या म्हशीसुद्धा आपल्याला वचकून असतात, असा त्याचा समज होता.

कोसमीचा तलाव जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा. चांदा जिल्ह्याच्या झाडीपट्टीत धान पिकतं ते अशा तलावांच्या जिवावर, आणि डोकी फुटतात तीही तलावांच्याच पाण्यावरून. वर पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, पाणी सोडलं, खाली बंधाऱ्यावर ते कोणी अडवलं, कोणी पळवलं, या रोजच्या भांडणाला कंटाळून मालगुजाराने मोडीत निघालेली तारयंत्रं कुठूनशी विकत आणली आणि वरच्या पाळीपासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत, टेकडीवरच्या सागाच्या जंगलातून, तार ओढली. लंगड्या डोमाला त्याने वरच्या चौकीत बसवलं. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, आणि तारेबरोबर डोमाजीही सरकारजमा झाला. त्याला त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं, कोट त्यानंतरच मिळाला.

यंत्राची रीत सोपी होती, पण रीत म्हणजे रीत. वर डोमाजीपुढे एक पितळी दांडी. ती दाबली की तारेतून वीज जायची आणि खालच्या चौकीत कागदाच्या अरुंद फितीवर शाईचा ठिपका उठायचा. जरा जास्त वेळ दाबली की आखूड रेघ उठायची. ठिपक्यांची आणि रेघांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. खाली काय छापलं जातंय ते वरच्याला दिसत नसे, म्हणून आधी दांडीने विचारायचं, 'आहेस का?' खालून 'आहे, सोड' आलं की एक ओळ सोडायची आणि थांबायचं. खालच्याने ती फितीवर वाचून 'मिळालं' अशी खूण वाजवली की मगच दुसरी ओळ. खालची खूण वरच्या यंत्रात टकटक वाजे, ती डोमाजी डोळे मिटून ऐके. हात कोणाचा हेसुद्धा तो नुसत्या टकटकीवरून ओळखी. या एका बाबतीत त्याचा तोरा अगदीच बिनबुडाचा नव्हता.

खालच्या चौकीत वाचणारा माणूस एकच, नानाजी बाबू. ब्रह्मपुरीकडचा. घर तिकडे, धानाचं शेत तिकडे, बायको तिकडे, आणि जीवही तिकडेच. महिन्यातले निम्मे दिवस काहीतरी निमित्त काढून बाबू गावाकडे पसार होई. मग यंत्रापाशी उरे तो मंगरू.

मंगरू रंभाचा धाकटा भाऊ. त्याची आई त्याच्याच बाळंतपणात गेली तेव्हा रंभा स्वतःच परकर नेसायच्या वयाची होती. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवला, तो तिला 'बाई' म्हणे. लग्न होऊन डोमाजीकडे आली तेव्हा ट्रंकेबरोबर तो भाऊही आला. पुढे रंभाची कूस उजवली नाही, आणि तिचं सगळं आईपण मंगरूवरच गेलं. उंचापुरा, मऊ स्वभावाचा, हाक मारली की हसत येणारा. एवढंच की अक्षराशी त्याचं हाडवैर. डोमाजीने पाटीवर, भिंतीवर, तांदळाच्या दाण्यांनी, सगळ्या प्रकारांनी शिकवून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याने नाद सोडला आणि त्याला फक्त दोन खुणा शिकवल्या. यंत्र खडखडलं की 'आहे, सोड' वाजवायचं. खडखड थांबली की 'मिळालं' वाजवायचं. मधे चावी द्यायची, शाई घालायची, फीत संपली तर नवी लावायची. तेवढ्यावर मंगरूला खालच्या चौकीत शिपायाची नोकरी लागली.

यात सगळ्यांचंच भलं होतं. नानाजी बाबूला घर मिळालं, मंगरूला पगार मिळाला, रंभाला भाऊ हाकेच्या नाही तरी तारेच्या अंतरावर मिळाला. रोज सकाळी डोमाजी वरून सोडायचा, 'पाणी ठीक, पाळ ठीक.' खालून मंगरू वाजवायचा, 'मिळालं.' कागदोपत्री नानाजी बाबू हजर. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, ती इथे रोज सकाळी वाचली जायची आणि गाढव नेमाने मानही डोलवायचं. डोमाजी स्वतःच हा विनोद सांगे आणि रंभा चिडे.

"माह्या भावाले गाढव म्हनू नोका," ती म्हणे. "अन् मले एक सांगा. त्याले वाचता येत नाई, बाबू घरी जाऊन बसते. मंग तुमी रोज धाडता ते वाचते कोन?"

"वाचाले काय ठेवलं हाय त्याच्यात? रोज तेच तं रायते."

"अन् ज्या दिवशी तेच नसन, त्या दिवशी?"

"त्या दिवशी बाबू राहीन ना वो तिथी," डोमाजी म्हणे आणि भाताचा पुढचा घास घेई.

एकदा मात्र प्रकरण अंगाशी आलं. मंगरू यंत्र सोडून बंधाऱ्याखाली मासोळ्या धरत बसला होता आणि नेमका वरचा साहेब तपासणीला उतरला. नोकरी जायचीच, पण डोमाजी लंगडत खाली गेला, साहेबाच्या पाया पडला, आणि मग मंगरूला रंभाची शपथ घातली, की यंत्र सोडून हलायचं नाही. वरून पाणी पडो की खालून निघो, नाही म्हणजे नाही. मंगरूने शपथ घेतली, आणि मंगरूने घेतलेली शपथ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानंतर साप निघाला तरी तो स्टुलावर पाय वर घेऊन बसून राही.

त्या शपथेला एकच अपवाद होता. खांबांवर आपल्या तारेशेजारून जंगल खात्याचीही एक तार गेली होती. वाऱ्याने फांदी पडून दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या की खालच्या फितीवर ठिपके उठायचे बंद होत आणि नुसती लांबच लांब काळी रेघ येत राही. अशी रेघ आली की मंगरूने आकड्याचा बांबू घ्यायचा आणि चौकीच्या मागून टेकडी चढून, तारेखालून झाडंझुडपं बघत वर यायचं. तारा कुठे चिकटल्या ते सापडेपर्यंत माघारी फिरायचं नाही.

त्या वर्षी श्रावणात झड लागली ती सुटेचना. पाऊस मोठा नव्हता, पण थांबत नव्हता. तलाव सांडव्यापर्यंत भरला आणि सांडव्यावरून पांढरं पाणी धबाधबा पडू लागलं. पोळ्याला बैल रंगवले तर रंग शिंगांवरून ओघळून बैलांच्या डोळ्यांत गेला. अशा पोळ्यात लोकांना गोड लागेना. म्हातारी माणसं वेशीवरच्या तोरणाखाली उभी राहून तलावाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाने दार उघडलं तर अंगणात खेकडे. पाळीच्या बाजूने एकामागून एक येत होते, आडवे चालत, ओटा चढून घरात शिरत होते. तिने झाडूने लोटले, ते परत आले. एरवी तिने टोपलीभर धरून कालवण केलं असतं. त्या दिवशी तिला त्यांना हात लावावासा वाटेना.

"हे पाळीतून काऊन निंगून राह्यले?" तिने विचारलं.

"बिळात पानी गेलं असन," डोमाजी म्हणाला आणि रोजची तार सोडायला बसला. 'पाणी ठीक, पाळ ठीक.' हाताने सवयीने वाजवलं. खालून 'मिळालं' आलं. हात मंगरूचा होता, सावकाश, एकसारखा. बाबू पोळ्याला घरी गेला होता, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

जेवणवेळ टळून गेल्यावर इसरू ढीवर आला. जन्म तलावावर काढलेला म्हातारा, माशाच्या शेपटीवरून पाण्याची खोली सांगणारा. त्याच्या अंगावर एक लंगोटी आणि डोक्यावर पावसाला आडोसा म्हणून पळसाच्या पानांचं मोरं. तो ओट्यावर चढला नाही, पावसातच उभा राहिला.

"डोमाभाऊ, पाळीच्या पायथ्याशी पानी निंगून राह्यलं."

"पावसाचं असन गा."

"पावसाचं पानी थंड रायते अन् साफ रायते. हे कोमट हाय, अन् गढूळ. म्या हात घातला तं कोपरापावेतो आत गेला. मातीच लागली नाई हाताले." इसरू आपल्या कोपराकडे बघत होता. "मी गावातून मान्सं आनतो, पोते आनतो. तू खाली खबर दे. पन डोमाभाऊ, मले नाई वाटत, का पोत्याईनं हे थांबन."

तो गेला. गाव तलावाच्या दुसऱ्या अंगाला, उंचावर. वरची चौकीही खडकावर. पाळ फुटलीच तर पाणी जाणार होतं ते नाल्याने खाली, आणि नाल्याच्या तोंडाशी, बंधाऱ्याला टेकून, एकच छप्पर होतं. त्या छपराखाली मंगरू बसला होता.

तो दांडीपाशी बसला. 'आहेस का?'

'आहे, सोड,' खालून आलं. लगेच, हसतमुखाने आल्यासारखं.

'पाळ फुटणार. चौकी सोडा. टेकडीवर जा.'

'मिळालं.'

डोमाजीने तेच पुन्हा सोडलं. या वेळी दांडी इतक्या जोरात आपटली की मेजावरचा दिवा उडाला, जणू जोरात आपटल्याने कागदावर मोठ्याने छापलं जाणार होतं. 'पळ. पळ. पळ.'

'मिळालं.'

मंगरूपुढे ती फीत सरकत असणार. तिच्यावर त्याचा जीव वाचवणारे शब्द शाईने ओले असणार, आणि तो त्यांच्याकडे बघत, चावी पुरेल ना एवढीच काळजी करत असणार. डोमाजीला ते इतकं स्वच्छ दिसलं की त्याला बसवेना. अख्ख्या आयुष्यात त्याने या दांडीवरून हजारो अक्षरं सोडली, त्यांतलं एकही त्या पोराच्या डोक्यात शिरवता आलं नाही. आपल्या हाताचा त्याला पहिल्यांदा राग आला.

रंभा दारात उभी होती. तिला यंत्राची भाषा येत नव्हती, पण नवऱ्याचं तोंड वाचता येत होतं.

"बाबू नाई ना खाली?"

"नाई."

"मंगरूले कळलं?"

डोमाजी पुन्हा दांडीकडे वळला.

"म्या इचारलं, मंगरूले कळलं का?"

"मिळालं म्हनते तो," डोमाजी म्हणाला. "काई बी सोडलं तरी तेच म्हनते."

रंभाने पदर कमरेला खोचला. "मी जातो."

"थांब. इसरू मान्सं घेऊन येऊन राह्यला, एखाद्या जवान मानसाले धाडू."

"तोपर्यंत?"

"मंग मी जातो."

"तुमी?" ती त्याच्या पायाकडे बघत म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते त्याला लागलं. "तुमी पाळीच्या टोकाशी पोचाले सांज होईन."

"तं टेकडीवरून जाय, तारेच्या वाटेनं. नाल्यानं जाऊ नोको, रंभे."

"टेकडीची वाट येवढी दूर. नाल्यानं गेली तं तिच्या निम्म्याच्या आत पोचतो. त्याले धरतो अन् दोघं मागच्या टेकडीवर चढतो." ती ओट्याखाली उतरलीसुद्धा. मग मागे वळून तिने एकदा त्या यंत्राकडे पाहिलं. "तुमची तार घाला चुलीत. मी म्हनत होतो तेव्हा हासत होते."

ती खेकडे ओलांडत गेली. नाल्याच्या काठची पायवाट पळसात शिरते तिथवर डोमाजीला तिचं हिरवं लुगडं दिसलं, मग पाऊस तेवढा दिसला.

तो पुन्हा बसला. पाऊस कौलांवर वाजत होता. पाळीकडून मधूनच ढेकूळ पाण्यात पडल्याचा आवाज येई आणि दर वेळी तो मागच्यापेक्षा मोठा वाटे. करण्यासारखं काहीतरी असलंच पाहिजे, असं त्याला सारखं वाटत होतं. मंगरूला शब्द कळत नाहीत. मग त्याला काय कळतं? खडखड सुरू झाली हे कळतं, थांबली हे कळतं. आणि तिसरी एक गोष्ट कळते.

डोमाजीने दांडी दाबली आणि धरून ठेवली.

खाली फितीवर आता रेघ उठत असणार, न तुटणारी, काळी. मंगरू आधी वाकून बघेल. यंत्राला टिचकी मारेल. मग 'तारा चिकटल्या बापा' म्हणत कोपऱ्यातला बांबू घेईल, पोतं डोक्यावर घेईल आणि चौकीच्या मागून टेकडी चढायला लागेल. शपथ मोडणार नाही, नोकरी जाणार नाही, जीव जाणार नाही. डोमाजीला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की तशा प्रसंगातही तो मोठ्याने म्हणाला, "वा रे डोमा!"

फक्त एक होतं. दांडी दाबलेली असताना खालून काही ऐकू येत नाही. मंगरू उठला की अजून स्टुलावरच आहे, हे कळायला मार्ग नव्हता. ऐकण्यासाठी दांडी सोडावी, तर रेघ तुटायची. पोरगा अजून तिथेच असला तर म्हणायचा, जुळली तार, आणि पुन्हा बसायचा. म्हणून सोडायची नाही. डोमाजीने उजव्या हातावर डावा हात ठेवला आणि अंगाचा भार दिला.

हात भरून आला. बोटं आधी दुखली, मग मुंग्या आल्या, मग आपली वाटेनाशी झाली. खिडकीतून पाळीचा तुकडा दिसत होता. तिच्या माथ्यावरचं एक बाभळीचं झाड कधीचं सरळ उभं होतं, ते आता जरा कललेलं दिसत होतं. डोमाजीने मनाशी रंभाच्या वाटेचा हिशेब लावला. पळसाचं रान ओलांडलं असेल. मोठ्या धोंड्यापाशी पोचली असेल. तिथून चौकीचं छप्पर दिसतं. आता ती अंगणात शिरत असेल, 'मंगरू' म्हणत दार ढकलत असेल.

आणि आत मंगरू नसेल.

मंगरू गेला असेल मागच्या टेकडीवरून, रंभा आली असेल पुढच्या नाल्यावरून. दोघांच्या वाटा कुठेच एकमेकींना मिळत नाहीत. तिला यंत्र दिसेल, सरकणारी फीत दिसेल, रिकामं स्टूल दिसेल. टेकडीवर चढून जीव वाचवावा असं तिला वाटेल का? रंभाला? ज्या पोराला तिने कडेवर वाढवलं, तो इथेच कुठेतरी बंधाऱ्याखाली मासोळ्या धरत असेल, असंच तिला वाटणार. ती त्याला हाका मारत फिरणार. तो सापडल्याशिवाय ती तिथून हलणार नाही, हे डोमाजीला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसं त्याच्या शहाणपणाने केलं होतं, आणि बंब म्हणून पाठवली होती ती बायको.

दांडी सोडावी का? मंगरू अजून उठला नसेल तर रेघ तुटेल, तो बसून राहील, रंभाला भेटेल, दोघं मिळून वर चढतील. पण तो नुकताच उठून दारात पोचला असेल तर रेघ थांबलेली बघून परत फिरेल. आणि रंभा तिथे पोचलीच नसेल तर? वाटेत घसरून पडली असेल तर? मग पोरगा आपण होऊन पाण्याच्या तोंडी परत बसवला असं होईल. न सोडावी, तर रंभा तिथे एकटी. त्याने बोट उचलायला घेतलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा घेतलं, पुन्हा दाबलं. मार्कंड्याच्या महादेवाला त्याने हाक मारली, नवस बोलला, मग नवसात काय बोललो ते विसरला. रंभाचं नाव घेऊन तो लहान पोरासारखा रडला, पण दांडी सोडली नाही.

पाळ फुटली तेव्हा मोठा धमाका वगैरे झाला नाही. बाभूळ उभ्याउभ्या खाली गेली, कोणी पाय धरून ओढल्यासारखी, आणि ती होती तिथे आभाळ दिसू लागलं. मग जमीन थरथरली आणि आवाज आला. तो आवाज आला तो थांबेचना. दुसऱ्या काठावर इसरू आणि गावची माणसं पोती टाकून उभी असलेली डोमाजीला दिसली. कोणी तोंडावर हात मारून घेत होतं. तलाव नाल्यात शिरत होता, पळसाचं रान वाकलं आणि नाहीसं झालं.

तार टेकडीवरून जात होती, तिला काही झालं नव्हतं. डोमाजीने दांडी तशीच धरून ठेवली. आता धरण्यात अर्थ नव्हता, पण सोडल्यावर खालून काही वाजणार नाही, ते ऐकायची त्याची छाती नव्हती.

उजेड कमी होऊ लागला तेव्हा चौकीच्या मागे पाचोळ्यात पावलं वाजली. डोमाजीने मान वळवली. दारात मंगरू उभा होता. डोक्यावर पोतं, हातात बांबू, पोटऱ्यांना काटे ओरबाडलेले. तो हसला, नेहमीसारखा, जरा अपराधी.

"भाऊजी, तार कुठीच नाई चिकटली जी. एक एक झाड पायत आलो. खांब बी सारे ठीक हायत." मग त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "मांगून लय मोठा आवाज आला. पाळ गेली काय?"

डोमाजीने नुसती मान हलवली.

मंगरू खाली बसला. "मी तं बसलोच असतो तिथी," तो म्हणाला. "तारेनंच वाचवलं मले." मग आवाज लहान करून म्हणाला, "भाऊजी, एक सांगतो, हासू नोका. मी अर्ध्या टेकडीवर होतो, तं खालून कोनीतरी हाक मारली. माह्या नावानं. एकदा नाई, लय खेपा. आवाज अगदी बाईचा. मी फिरलो बी होतो. मंग म्हनलं, बाई तं वर हाय घरी, खाली तिचा आवाज कसा येईन? हे रानातलं हाय, ह्याले ओ द्याची नाई. मी कानात बोटं घातले अन् देवाचं नाव घेत वर आलो."

त्याने घराकडच्या दाराकडे पाहिलं. चूल विझलेली होती. ओट्यावर खेकडे फिरत होते.

"बाई कुठी हाय, भाऊजी?"

डोमाजीने दांडीवरचा हात काढायचा प्रयत्न केला. बोटं उघडत नव्हती, ती त्याला दुसऱ्या हाताने सोडवावी लागली.

"तुलेच आनाले गेली, बापा," तो म्हणाला.